मायच्या आवाजापुरती ताकद

आमच्या आबांचे कान विहिरीवरच्या इंजिनाने खाल्ले. असोद्याच्या मळ्यात वीज यायच्या आधी डिझेलचं इंजिन होतं आणि आबा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून केळीला पाणी जाताना बघत. माझं सगळं लहानपण त्यांनी तिथे बसून काढलं. इंजिन गेलं, मोटर आली, आणि तोवर आबांना मोटर चालू आहे की बंद हे पाइपला हात लावून बघावं लागे.

ऐकू येत नाही हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "आजकाल लोकंच तोंडातल्या तोंडात बोलता," असं ते म्हणत. लोक बिचारे ओरडून ओरडून घसा बसवून घेत. जळगावच्या डॉक्टरांनी दिलेलं खिशातलं यंत्र त्यांनी दोन दिवस वापरलं. ते शिट्ट्या मारायचं. तिसऱ्या दिवशी ते धान्याच्या कोठीमागे सापडलं, आणि ते तिथे कसं गेलं हे आबांना अजिबात माहीत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन तिथेच एका कारखान्यात लागले होते. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. तिथे लग्नकार्याचे, सभांचे अँप्लिफायर तयार होत. मालकांना सगळे नाना म्हणत. मुलगी सोल्डरिंग करते हे बघायला पहिल्या महिन्यात शेजारचे दुकानदार काही ना काही निमित्त काढून येऊन जायचे. नाना त्यांना आपल्या अहिराणीत म्हणायचे, "दखा, दखा, फुकट शे." मग तेच लाजून निघून जात. राळेचा तो गोडसर धूर, गरम पत्र्याचा वास आणि चारच्या सुमाराला येणारा चहा, हे सगळं आठवलं की आजही मला वाटतं, मी तिथे जितकी सुखी होते तितकी पुढे मोठ्या कंपनीतल्या पंख्याखाली कधी झाले नाही.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तेव्हा आबा मळ्यात मला एकटीला म्हणाले, "पोरी, सगयांचं ऐकू येते. वरडलं का येते. तुझ्या मायचं नही येत."

मायचा आवाज मुळातच बारीक. भरल्या घरात ती धाकटी सून म्हणून आली आणि तिचा आवाज जो खाली गेला तो सासू-सासरे गेल्यावरही वर आला नाही. तिला ओरडता येत नसे. एकदा कुंपणातून बैल आत शिरला तर तीही गोष्ट तिने आम्हाला येऊन हळूच सांगितली होती. आबा सांगत होते की तीन वर्षं झाली, तिचे ओठ हलताना दिसतात. काही विचारलं तर ती मान हलवून "काही नही" म्हणते आणि आत जाते. इतकं सांगून त्यांनी केळीचं एक वाळलं पान ओढून काढलं आणि विषय बदलला. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की राग येतो. मी तिथल्या तिथे ठरवलं की असा अँप्लिफायर करायचा, ज्यातून आबांना मायचं बोलणं ऐकू येईल.

कानात घालायच्या यंत्राची त्यांना लाज वाटायची. पण कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन घातलेला रेडिओवाला माणूस त्यांनी फोटोत बघितला होता आणि तो त्यांना रुबाबदार वाटला होता. असा एक जुना हेडफोन एका रेकॉर्डिंगवाल्याने नानांकडे टाकून दिला होता. तो मी घेतला. ओसरीच्या मध्ये मायक्रोफोन ठेवायचा, आबांच्या खाटेशेजारी डबा, आणि आबांच्या कानांवर हेडफोन. घरात जो जे बोलेल ते आबांना ऐकू जाईल.

आता खरी अडचण सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं. अँप्लिफायरमधले ट्रान्झिस्टर दोन तऱ्हेने चालवता येतात. एक म्हणजे त्यांना जवळजवळ झोपवून ठेवायचं आणि आवाज आला की उठवायचं. असा अँप्लिफायर थंड राहतो. पण उठण्याच्या त्या क्षणी आवाजाला एक बारीकसा ओरखडा पडतो. मोठ्या आवाजात तो लपून जातो. बारीक आवाजात मात्र नुसता ओरखडाच ऐकू येतो. दुसरी तऱ्हा म्हणजे कोणी बोलो न बोलो, ट्रान्झिस्टरमधून पुरा प्रवाह सतत वाहता ठेवायचा. याला आम्ही क्लास ए म्हणत असू. यात बारीकातला बारीक आवाज स्वच्छ येतो. फक्त डबा दिवसभर तापत राहतो, कारण कोणी काही बोललं नाही तरी सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

मायच्या आवाजासाठी मला दुसरीच तऱ्हा हवी होती. शिवाय मला ताकदही भरपूर हवी होती. ओसरीत ठेवलेल्या मायक्रोफोनला मायचं बोलणं आणि ताटल्यांचा खणखणाट दोन्ही मिळणार. तो खणखणाट न फाटता सोसायचा तर प्रवाह वाढवावा लागतो, म्हणजे ताप आणखी वाढतो. तापाला आवर घालायला ट्रान्झिस्टरच्या पायात छोटे रेझिस्टर घालतात. पण ते थोडी ताकद खातात, म्हणून मी ते घातलेच नाहीत. ट्रान्झिस्टर तापला की प्रवाह कमी करणारा एक डायोड असतो. तो ट्रान्झिस्टरच्या अंगाला चिकटवून बसवायचा असतो, म्हणजे त्याला ताप कळतो. मी तो दूर, छापील पट्टीवर बसवला, कारण तिथे जोडणी सुबक दिसत होती. पदविकेत पहिली आले होते ना.

नानांनी डब्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "याले ताप उना का काय, पोरी?"

"क्लास ए आहे, नाना. एवढं तापणारच."

"आते हिवाळा शे," नाना म्हणाले. "उन्हाळामा काय करशी?"

मी हसले. जाड ॲल्युमिनियमच्या पंखांचा डबा होता, वर भोकं पाडली होती, हिशेब वहीत मांडला होता. तो हिशेब मी डिसेंबरच्या हवेत मांडला होता, एवढीच गोम होती.

डबा मांडीवर घेऊन मी एस.टी.ने निघाले. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने डब्यात काय आहे असं विचारलं. मी म्हटलं, "वडलांचे कान आहेत." ती उरलेला सगळा रस्ता माझ्याकडे संशयाने बघत होती.

त्या दिवशी घरी भरीत होतं. आबांनी हेडफोन घातला, मी बटण फिरवलं. माय चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होती. आबांना प्रथम भाकरीचाच आवाज आला. ते दचकून आत बघायला लागले. मग माय नेहमीच्या आवाजात, कोणाला उद्देशून न बोलता म्हणाली, "तेल संपत आलं."

आबा ओसरीतून ओरडले, "उद्या आनतो!"

मायच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिने पदर तोंडाला लावला. मी इतकी वर्षं इतके अँप्लिफायर केले, पण तेल संपल्याची बातमी कोणी इतक्या आनंदाने ऐकलेली मला माहीत नाही.

ते चार महिने घराचा रंगच पालटला. मी पंधरा दिवसांनी जायची आणि दर वेळी काही तरी नवीन कळायचं. आबा आता जेवताना हेडफोन घालून बसत आणि माय एक एक गोष्ट सांगे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या केळीवर रोग पडला, माहेरी तिच्या भावाने काय चूक केली. तीन वर्षांचं साठलेलं होतं ते. आबा उत्तरं मोठ्याने देत, त्यामुळे गल्लीला अर्धा संवाद आपोआप कळे. शेजारणी मायला चिडवू लागल्या, "काय ग, तू बोलते तरी काय इतकं?"

आणि मग मायने खोळ विणली.

तेव्हा आमच्याकडे विजेवर चालणारी कोणतीही वस्तू उघडी राहत नसे. रेडिओला खोळ, टीव्हीला झालरीची खोळ, टेबलफॅनला हिवाळ्यात खोळ, मिक्सरला तर टोपडंच. फुफाटा फार, आणि वस्तूचा मानही ठेवायचा असतो. ज्या वस्तूला खोळ नाही ती घरात रुळली नाही असंच समजायचं. मायने लोकरीची, अगदी मापाची खोळ विणली होती. हिरवी, वर दोन राघू. बटणाला गोल जागा, वायरीला काज. वरची भोकं मात्र तिने नीट झाकली होती. त्यातूनच तर धूळ आत गेली असती.

मी मे महिन्यात घरी गेले तेव्हा डबा खोळीतच होता. मी ते बघितलं का? बघितलं असणार. ओसरीत येता-जाता तो समोरच होता. पण खोळ घातलेली वस्तू आमच्या डोळ्यांना इतकी सवयीची, की मला काही वावगं वाटलं नाही.

दुपारची जेवणं चालली होती. बाहेर उन्हाने भिंती भाजून निघाल्या होत्या. माय काहीतरी सांगत होती, आबा हसत होते. एकदम लोकर करपल्याचा वास आला. पाठोपाठ आबांनी मोठ्याने "आई ग" केलं आणि हेडफोन ओढून भिरकावला. ते उजवा कान दाबून ताटावर वाकले. ट्रान्झिस्टर फुटला होता आणि विजेचा सगळा दाब हेडफोनमध्ये गेला होता. उजवा कान हाच त्यांचा त्यातल्या त्यात बरा कान होता.

मी प्लग उपटला, खोळ ओढून काढली, बोटं भाजली. आणि मायवर तुटून पडले. "तुला अक्कल आहे का, माय? आग आहे आत, आग! तिला घोंगडी पांघरतेस? शिकलेलं नाही तर हात कशाला लावायचा? आबांचा कान गेला तर तुझ्यामुळे!"

मायने ताटं उचलली. संध्याकाळी बघितलं तर ती जात्यापाशी बसून खोळ उसवत होती आणि हिरव्या लोकरीचा गोळा करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ उघडा होता. टीव्ही उघडा होता. मिक्सरही. सगळ्या खोळी तिने काढून ठेवल्या होत्या. ते घर बघून मला कसंसंच झालं, पण मी हट्टाने गप्प बसले.

आबांचा कान आठ दिवस वाजत राहिला आणि मग पहिल्यासारखा झाला. म्हणजे फारसा कामाचा नाही, तसा.

धुळ्याला मी डबा उघडला. नवे ट्रान्झिस्टर घातले, हेडफोनच्या जागी एक रेझिस्टर जोडला आणि खोळ नाही की काही नाही, तसाच पत्र्याच्या शेडमध्ये चालू ठेवला. दुपारी प्रवाह हळूहळू चढू लागला. ट्रान्झिस्टर तापला की जास्त प्रवाह ओढतो, जास्त ओढला की जास्त तापतो. त्याला अडवायला रेझिस्टर नव्हते, आणि डायोड आपला लांब सुबक जागी गार बसला होता. मीटरचा काटा सरकताना मी आणि नाना दोघं बघत उभे होतो. काटा टोकाला जायच्या आत नानांनीच बटण बंद केलं.

"खोळना दोष नही, पोरी," ते म्हणाले. "तुना शे."

"खोळीमुळे लवकर झालं असेल."

"लवकर झाय. पन व्हनारच व्हतं."

हे ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. दोन ओळींचं पत्र टाकायला हवं होतं. मी टाकलं नाही. आबा मला शिकवायला निघाले तेव्हा गावातले लोक त्यांना काय काय बोलले होते ते मी ऐकलं होतं. पोरीला रेडिओ शिकवून काय मिळणार, असं. पहिलीच वस्तू घरासाठी केली आणि ती माझ्या चुकीने जळली, हे मला कोणालाही कळू द्यायचं नव्हतं. मायने दोष घेतला होता आणि माय तक्रार करणारी नव्हती. ते मला सोयीचं होतं. आजही हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

पावसाळाभर मी नवा डबा करत होते. या वेळी रेझिस्टर घातले, डायोड ट्रान्झिस्टरच्या अंगाला चिकटवला. प्रवाह चौथ्या हिश्श्यावर आणला, ताकदही तेवढीच उतरली. हाताला जेमतेम कोमट लागेल असा डबा. मेमध्ये शेडमध्ये ठेवला असता तरी टिकला असता. पण एवढ्या ताकदीत ताटल्यांचा खणखणाट मावणार नव्हता. मायक्रोफोन ओसरीच्या मध्ये ठेवून भागणार नव्हतं. बोलणाऱ्याने तो तोंडाजवळ धरायला हवा, म्हणजे आबांच्या शेजारी येऊन बसायला हवं. मग मात्र मायचा आवाज अगदी स्वच्छ जाणार होता.

दिवाळीच्या आधी एका उतरत्या दुपारी मी तो घेऊन घरी गेले. नवा हेडफोनही आणला होता. आबा खाटेवर बसले होते. मी हेडफोन पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

मला वाटलं, घाबरले. मी खुणेने सांगितलं, आता फुटणार नाही, हात लावून बघा, गार आहे. त्यांनी डब्याला हात लावलाही नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "त्या दिशी तू मायले काय म्हनलीस?"

मी हेडफोनची वायर उलगडत राहिले.

"मले ऐकू आलं नही. पन तिचं तोंड दिसत व्हतं. तवापासून ती माझ्यासमोर ओठबी हालवत नही. कोन आलं, कोन गेलं, काही सांगत नही. पह्यले निदान ओठ तरी दिसत व्हते."

मी परत हेडफोन पुढे केला. त्यांनी तो घातला असता तर मला हळू बोलता आलं असतं, दोघांतच राहिलं असतं. आबा म्हणाले, "नही घालत. आसंच सांग."

आसंच सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. संध्याकाळची पाण्याची वेळ, गल्लीत बायका हंडे घेऊन उभ्या. माय आत, चुलीपाशी. मी एकदा हळू बोलून बघितलं. आबांनी कानाला हात लावला. मग मी पूर्ण जोर लावून ओरडले, "चूक माझी होती! डबा मीच चुकीचा केला होता! मायच्या खोळीने काही झालं नाही!"

बाहेरची हंड्यांची खडखड थांबली. आबांनी विचारलं, "केव्हा कयलं तुले?"

हा प्रश्न मला नको होता. "जूनमध्ये!" मी ओरडले. "मी सांगितलं नाही! मला लाज वाटली!" पुढचं काय ओरडले ते माझं मलाही कळलं नाही.

आबा उठले, आत गेले, आणि मायला मनगटाला धरून बाहेर घेऊन आले. माझ्या आठवणीत त्यांनी चारचौघांदेखत तिचा हात धरलेला हा एकच प्रसंग. माय संकोचून गेली होती, हाताला पीठ होतं. त्यांनी तिला खाटेवर शेजारी बसवलं. हेडफोन स्वतः घातला. मायक्रोफोन उचलून तिच्या हातात दिला आणि वाट बघत बसले.

मी डबा चालू केला. मला वाटलं, आता ती सगळं बोलेल, सहा महिन्यांचं. बोलावं असंच मला वाटत होतं. त्या वेळी शिव्या दिल्या असत्या तरी मी डोकं खाली घालून ऐकल्या असत्या.

मायने मायक्रोफोन पीठ लागलेल्या दोन बोटांत धरला. तो तोंडापाशी नेला, जरा लांब केला, परत जवळ आणला. मी समोरच होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"तिले काही बोलू नका," ती आबांना म्हणाली. "सकायपासून प्रवासात हाये. उपाशी हाये ती."